त्रेचाळीस दगड

हालकेरीची मूरगुडी उतरवायला घेतली, त्या उन्हाळ्यात नरसिंगच्या नोकरीला तेवीस वर्षं झाली होती. पुरातत्त्व खात्याच्या कागदावर तो स्मारक परिचर होता. गावात त्याला गुडीचा वॉचमन म्हणत.

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरहून आत वळलेल्या रस्त्यानं सात किलोमीटर गेलं की हालकेरी लागतं. गावाच्या पश्चिमेला तळं आणि तळ्याच्या बांधाखाली देऊळ. कानडीत मूर म्हणजे तीन आणि गुडी म्हणजे देऊळ. एकाच मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी तीन गाभारे आणि पूर्वेला दार, म्हणून मूरगुडी. कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांची राजधानी होती त्या काळातलं बांधकाम. दिव्याच्या तेलासाठी कुणीतरी बाग दान दिल्याचा शिलालेख पुढ्यात उभा होता, पण त्याची सालाची बाजू फुटलेली. त्यामुळे गावातले काही जण नऊशे वर्षं सांगत, काही जण हजार.

नरसिंगला ही नोकरी लागली तेव्हा त्याच्या वस्तीत, बुद्धनगरात, लोक हसले होते. त्याचा बाप आणि आजा त्या शिलालेखापर्यंतच यायचे. तिथून देवळाचं दार पन्नास पावलांवर होतं. पुढं यायचं नाही हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. नंतर आजानं दीक्षा घेतली आणि त्या घरानं देवळाकडे बघायचंच सोडून दिलं. अशा घरातला मुलगा देवळाची राखण करणार म्हटल्यावर त्याची बायको सुमनबाईसुद्धा म्हणाली होती, "ज्या दारात आपल्याला हुबं केलं न्हाई, ते दार राखनार व्हय तुमी?"

"नोकरी सरकारची हाय," नरसिंग म्हणाला होता. "देवाची न्हाई."

आणि तो तसाच वागला. तेवीस वर्षांत त्यानं कधी हात जोडले नाहीत. पण रोज आठ तास एका इमारतीजवळ बसल्यावर माणूस तिला ओळखू लागतो, तसा तो ओळखू लागला. मंडपाचे चार खांब भोवऱ्यासारखे गोल कातलेले होते आणि त्यांना इतकी झिलई होती की उभं राहिलं की आपला चेहरा पसरट होऊन दिसायचा. बोटाच्या पेरानं वाजवलं तर चौघांचा आवाज वेगळा. छतात मधोमध उलटं टांगलेलं कमळ होतं, आणि डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास दारातून आलेला उजेड फरशीवर पडून त्या कमळाच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूला पोचायचा, दहा मिनिटं फार तर. हे त्यानं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. कधीमधी कॉलेजची मुलं यायची, कलबुर्गीहून एखादा मास्तर यायचा, त्यांना तो दाखवायचा. एरवी कुणी येत नसे. पश्चिमेच्या गाभाऱ्यातल्या लिंगाला सकाळी पूजा होऊन गेली की दिवसभर देवळात तो एकटा.

तळ्याचा बांध उंच केल्यापासून देवळाच्या पायात पाणी मुरत होतं. खालची माती बसली आणि पश्चिमेच्या गाभाऱ्याच्या भिंतीनं पोट काढलं. मग खात्यानं ठरवलं की सगळं देऊळ उतरवायचं, पाया नवा करायचा आणि पुन्हा जसंच्या तसं रचायचं. तसं करता येत होतं, कारण मूरगुडीत चुना नव्हता. दगडावर दगड, खाचेत खाच, आपल्या वजनानं उभे.

इंजिनिअर तरुण होता आणि कामाचा होता. त्यानं प्रत्येक दगडाला आकडा दिला. पश्चिमेच्या गाभाऱ्याचे आकडे पांढरे, उत्तरेचे पिवळे, दक्षिणेचे लाल, मंडपाचे निळे. नरसिंगचं अक्षर वळणदार होतं म्हणून आकडे टाकायचं काम त्यालाच दिलं. इंजिनिअर नकाशात बघून सांगायचा, नरसिंग रंगवायचा. एक हजार एकशे सेहेचाळीस दगड. गाभाऱ्यातलं लिंग गावानं वाजतगाजत नेऊन स्टँडजवळच्या नव्या स्लॅबच्या देवळात ठेवलं. दगड तळ्याखालच्या गायरानात ओळीनं मांडले. दोन वर्षांत देऊळ पुन्हा उभं राहील, असं इंजिनिअर म्हणाला होता.

नवा पाया झाला आणि जानेवारीत इंजिनिअरची बदली झाली, खाली म्हैसूरकडे. दुसरा कुणी आला नाही. क्रेन गेली, मजूर गेले, त्यांच्या पत्र्याच्या खोल्या गेल्या. गायरानात दगड राहिले आणि दगडांपाशी नरसिंग.

पहिले काही महिने लोक येऊन बघून जायचे. मग त्यांना सवय झाली. लिंग गावात आल्यामुळे कुणाला इकडे यायचं कारणच उरलं नाही. स्टँडवरच्या देवळाला टाइल्स होत्या, पंखा होता, पावसात चिखल नव्हता. नरसिंग मात्र सकाळी साडेआठला डबा घेऊन यायचा, ओळींमधून एक फेरी मारायचा आणि बाभळीखाली बसायचा. दर महिन्याला एक कागद लिहून खात्याला पाठवायचा: सर्व दगड जागेवर आहेत, आकडे शाबूत आहेत.

एका पावसाळ्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आकडे शाबूत राहणार नाहीत. रंग उडत होता. त्यानं रंगासाठी दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही, तेव्हा राजेश्वरच्या दुकानातून चार डबे आणि ब्रश आणले आणि चैत्रात पहिल्या दगडापासून सुरुवात केली. जुना आकडा अंधुक दिसायचा तोवरच त्यावर नवा काढायचा. चाळीस दिवस लागले. पुढच्या चैत्रात पुन्हा चाळीस दिवस.

त्या दिवसांत त्याच्याशी बोलणारा माणूस एकच होता, माणिकप्पा. लिंगायताचा, सत्तरीचा, गायरानाला लागून त्याचं तुरीचं शेत. एकदा नरसिंग एका लांब दगडावर बसून भाकरी खात होता. माणिकप्पा बांधावरून म्हणाला, "नरसिंगा, उंबऱ्यावर बसू नगंस बाबा. गाभाऱ्याचा हाय त्यो."

"उंबरा दाराला असतोय, अण्णा," नरसिंग म्हणाला. "इथं दार कुठं हाय?"

माणिकप्पा निघून गेला. नरसिंग उठला नाही, पण घास त्याला गोडही लागला नाही. चार-पाच दिवसांनी दुपारी माणिकप्पा आला, उभा राहिला, आणि मग त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तंबाखूची चंची पुढं केली. तेव्हापासून तो रोज येऊ लागला. दोघं फार बोलत नसत. तूर, पाऊस, हैदराबादला असलेला माणिकप्पाचा मुलगा सुनीलकुमार, एवढंच.

सुमनबाईला हालकेरीत करमेनासं झालं होतं. मुलगी पंचशीला नर्स होती, बीदरला नौबादमध्ये राहायची. तिनं दोघांनाही तिकडे बोलावलं. बदली मागता आली असती. बीदरला किल्ल्यात, सुलतानांच्या कबरींपाशी, खात्याच्या माणसांना जागा होत्या. सुमनबाईनं एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं म्हटलं, "अवो, देऊळ होतं तवा राखलात, ते ठीक. आता काय राखायलाव? दगडं?"

आकड्यांचं सांगावं तर ते आपल्यालाच वेडेपणाचं वाटेल, असं नरसिंगला वाटलं. तो एवढंच म्हणाला की काम सुरू होईल, मग बघू. सुमनबाई एकटीच गेली. तो रविवारी सकाळच्या बसनं नौबादला जायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचा. तीन वर्षं असं चाललं. मधे लॉकडाऊन लागला तेव्हा चार महिने तेही नाही. त्याच वर्षी सुनीलकुमारनं बापाला हैदराबादला नेलं. जाताना माणिकप्पा गायरानात आला होता. बराच वेळ दगडांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यासमोर हुबं ऱ्हातंय असं वाटलं हुतं." त्याचं शेत बटाईनं दुसऱ्याकडे गेलं. तो माणूस ट्रॅक्टरनं यायचा आणि ट्रॅक्टरनं जायचा.

घरी कुणी नव्हतं आणि कामावर कुणी नव्हतं. कधी कधी संध्याकाळी राजेश्वरला सामान आणायला गेल्यावर दुकानदारानं काही विचारलं, तर नरसिंगचा आवाज पहिल्या शब्दाला फुटायचा नाही. तेव्हा त्याला कळायचं की सकाळपासून आपण बोललोच नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पंचशीलाचा फोन आला की आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. नरसिंग त्या चैत्रात ब्रश हातात धरू शकला नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, तो बसनं ये-जा करत होता. जूनमध्ये त्यानं रजा टाकली आणि नौबादला जाऊन राहिला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. एवढे दिवस सलग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तो तिच्याजवळ कधीच बसलेला नव्हता.

तो पावसाळा मोठा होता. हॉस्पिटलच्या खिडकीतून दिवसदिवस पाणी दिसायचं. सुमनबाई मशीनला लावलेली असताना एकदा म्हणाली, "तुमची दगडं भिजायली असतील."

"भिजू दे," तो म्हणाला.

"एक दिस जाऊन बघून या. मी कुठं पळून जायले?"

तो गेला नाही. तिनं पुढेही एक-दोनदा म्हटलं, तरी गेला नाही. तीन वर्षं तिनं बोलावलं तेव्हा आपण आलो नव्हतो, आता ती जा म्हणते म्हणून उठून जाणं त्याला जमेना. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुमनबाई गेली. पंचशीलानं आईचे हात पुसले. नरसिंग खाटेच्या दुसऱ्या बाजूला होता. बीदरलाच सगळे विधी झाले.

ऑक्टोबरात तो हालकेरीला परतला. तळं भरून सांडव्यातून पाणी गायरानात शिरलं होतं. पश्चिमेच्या गाभाऱ्याच्या ओळी सगळ्यात खालच्या अंगाला होत्या. त्या दोन महिने गाळात उभ्या होत्या. नरसिंगनं घमेल्यानं पाणी आणून एकेक दगड धुतला. बऱ्याच दगडांवर पांढऱ्या आकड्याची निदान एखादी रेघ उरली होती. त्रेचाळीस दगडांवर काहीच नव्हतं.

नक्षीचा दगड असता तर प्रश्न नव्हता. एका दगडावर अर्धं पान असतं, उरलेलं अर्धं शेजारच्यावर, तो आपली जागा आपणच सांगतो. पण मूरगुडीची भिंत दुहेरी होती: बाहेरून नक्षीचे दगड, आतून सपाट, मधे दगडमातीचं भरताड. हे त्रेचाळीस आतले होते. सपाट, काळे, एकमेकांच्या भावासारखे.

नरसिंग दोन दिवस नुसता बसून राहिला. मग त्यानं आठवायला सुरुवात केली. चार वर्षं तो या ओळींतून फिरला होता, प्रत्येक आकडा तीन-तीनदा रंगवला होता. कुठल्या दगडाचा कोपरा उडालेला, कुठल्यावर शेवाळाचा डाग, कुणाच्या शेजारी कोण, हे डोळे मिटले की दिसायचं. पण पाण्यानं काही दगड सरकले होते, आणि मधेच त्याला नंबर आठवायच्या ऐवजी हॉस्पिटलमधला वॉर्ड दिसायचा. आठ दिवसांत त्यानं त्रेचाळीस आकडे टाकले. तीसेक त्याला पक्के वाटत होते. बाकीचे अंदाजानं. महिन्याच्या शेवटी त्यानं कागद लिहिला: सर्व दगड जागेवर आहेत, आकडे शाबूत आहेत.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतंही. पंचशीला रोज संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारायची, तो व्हय म्हणायचा.

पुढच्या वर्षी डिसेंबरात सुधारानी मॅडम आल्या. कलबुर्गीच्या, चाळिशीच्या, खात्यात नव्यानं जीर्णोद्धाराचं काम बघणाऱ्या. कानडी आणि मराठी दोन्ही सारख्याच वेगानं बोलायच्या. त्यांनी सगळ्या ओळी फिरून पाहिल्या, ताजे आकडे पाहिले आणि विचारलं की हे कुणी केलं. नरसिंगनं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की जुन्या इंजिनिअरच्या नकाशांत बाहेरच्या भिंती सगळ्या आहेत, पण आतल्या भिंतींचे कागद सापडत नाहीत. "म्हणजे आत तुमच्या आकड्यांवरच जायचं, अण्णा. आता तोच नकाशा."

नरसिंग त्या दिवशी घरी गेला. भात टाकला, पण जेवला नाही. मॅडम भल्या वाटल्या होत्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाकडे नीट बघितलं होतं. आतली भिंत कुणाला दिसणार नव्हती. चूक निघाली असती तर दहा-वीस वर्षांनी, तेव्हा तो नसता.

सकाळी मॅडमची जीप आली तेव्हा तो पश्चिमेच्या ओळीपाशी उभा होता.

"मॅडम, एक सांगायचं हाय," तो म्हणाला. "ह्यातले त्रेचाळीस आकडे इंजिनिअर साहेबांचे न्हाईत. माझे हायत."

"तुमचे म्हणजे?"

"आठवून टाकलेले. पुरात गेले हुते. मी तवा इथं नव्हतो, बायको दवाखान्यात हुती. आल्यावर बघितलं तर कायच न्हाई."

"पण रिपोर्टमध्ये शाबूत लिहिलंय."

"ते खोटं लिवलं."

सुधारानी मॅडमनी विचारलं की कुठले त्रेचाळीस ते सांगता येईल का. नरसिंगनं कुठलाही कागद न बघता एकेक दगड दाखवला. त्यांनी प्रत्येकावर खडूनं फुली केली. शेवटच्या दगडापाशी त्या म्हणाल्या, "मला हे वर लिहावं लागेल, अण्णा."

"लिवा," नरसिंग म्हणाला.

त्यांनी लिहिलं. पंधरा दिवसांनी खुलासा मागवणारं पत्र आलं. नरसिंगनं आपल्या वळणदार अक्षरात दीड पान उत्तर दिलं. त्यात सुमनबाईचं नाव एकदाच आलं, तेही रजेचं कारण म्हणून. कारवाई काही झाली नाही, पण तो कागद त्याच्या फाइलला लागला. तीस वर्षांच्या नोकरीत त्या फाइलला लागलेला तेवढा एकच.

मात्र मॅडमनी काम थांबवलं नाही. आधी जमिनीवरच भिंत आडवी मांडून बघायची असं त्यांनी ठरवलं. पट्टीवर पट्टी, म्हणजे थरावर थर, जशी वर रचायची तशी. त्यासाठी दगड उलटेपालटे करताना नरसिंगनं आपली वही काढली. आकडे रंगवताना दगडांच्या दडलेल्या अंगाला, जे अंग भिंतीत कधीच दिसत नाही, त्याला बारीक खुणा दिसायच्या. एखादं अक्षरासारखं काहीतरी आणि पुढे उभ्या रेघा. पहिल्यांदा त्याला वाटलं छिन्नीचे ओरखडे असतील. पण तशाच खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या, तेव्हा त्यानं त्या जशा दिसल्या तशा वहीत काढून ठेवल्या होत्या, कारण दुपारी दुसरं काही करायला नव्हतं. त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. मॅडमना उपयोग होईल का, एवढंच त्यानं विचारलं.

सुधारानी मॅडमनी वही घेतली आणि उंबऱ्याच्या दगडावर बसून वीस मिनिटं पानं उलटली. मग त्या उठून एका दगडापाशी गेल्या, वाकून बोटानं खूण चाचपली आणि म्हणाल्या, "हे हळेगन्नड आहे, अण्णा, जुनी कानडी. हा 'प'. पडुवण, म्हणजे पश्चिम. वहीतला हा 'ब', बडगण. उत्तर. आणि ह्या रेघा म्हणजे कितवी पट्टी ते."

"कुनी काढल्या?"

"ज्यांनी बांधलं त्यांनी. दगड खाणीजवळ घडवून इकडे आणत असणार. इथं आल्यावर कुठला कुठं ते विसरू नये म्हणून."

नरसिंग त्या दगडाकडे बघत राहिला. मजुरांनी दुसरा दगड उलटवायला घेतला होता, पहारीचा आवाज येत होता. नऊशे वर्षांपूर्वी कुणालातरी हीच भीती वाटली होती. त्या माणसाचं नाव शिलालेखात नव्हतं. तिथं राजा होता, दान देणारा होता. हा माणूस दगडाच्या पोटाशी एक अक्षर आणि पाच रेघा मारून निघून गेला होता. नरसिंगला त्याच्याबद्दल अचानक फार जवळीक वाटली, आणि मग लगेच वाटलं की हे सुमनबाईला सांगायला पाहिजे. ती हसली असती. म्हणाली असती, म्हंजे तुमच्यासारकंच येडं कुनीतरी हुतं म्हना की.

त्याला तिथून बाजूला व्हावं लागलं. तो बाभळीकडे गेला आणि पाणी प्यायल्यासारखं करून थोडा वेळ पाठमोरा उभा राहिला.

सगळ्याच दगडांवर खुणा नव्हत्या, आणि काहींच्या झिजल्या होत्या. पण खुणा, वही आणि खाचांची मापं मिळून एक महिन्यात पश्चिमेची आतली भिंत जमिनीवर जुळली. त्रेचाळीसपैकी अकरा आकडे चुकीचे निघाले. नरसिंगला जे पक्के वाटत होते त्यांतलेही तीन. एक दगड मात्र शेवटपर्यंत कुठंच बसला नाही. खूण नाही, माप कुठं जुळत नाही. त्याच्या जागी नवा घडवावा लागला. जुना कडेला ठेवून दिला.

मग दीड वर्ष काम चाललं. जोत्याचे थर, भिंती, गाभाऱ्यांच्या पाचपदरी चौकटी, त्यांच्या माथ्यावरची गजलक्ष्मी, मग खांब. खांब उभे राहिले त्या दिवशी कुणी बघत नसताना नरसिंगनं चौघांना बोटानं वाजवून पाहिलं. आवाज तेच होते की नाही हे त्याला नक्की सांगता येईना. मधे सात वर्षं गेली होती. मे महिन्याच्या अखेरीला तो निवृत्त झाला. छताचं कमळ जूनमध्ये चढणार होतं. मॅडमनी सांगितलं, तुम्ही या. तो आला आणि इतर बघ्यांबरोबर दोरीच्या पलीकडे उभा राहिला, कारण आत हेल्मेटवाल्यांनाच परवानगी होती. क्रेननं कमळ वर नेलं, हळूहळू फिरवलं आणि टेकवलं. मॅडमनी वरून त्याच्याकडे हात केला. त्यानंही केला.

लिंग परत आणायच्या दिवशी हालकेरीत जत्रा भरली. हैदराबादहून सुनीलकुमार आला होता. त्यानं सांगितलं की अप्पाला आता माणसं ओळखू येत नाहीत. नरसिंगनं विचारलं, गुडी झाली हे त्यांना सांगितलं का. सुनीलकुमार म्हणाला, सांगितलं, पण ते नुसते बघत राहिले. नरसिंग शिलालेखाच्या अलीकडे उभा होता. कुणी अडवत नव्हतं. दोघातिघांनी तर हाक मारून आत बोलावलं. तो म्हणाला, गर्दी कमी झाली की येतो. गर्दी संध्याकाळपर्यंत कमी झाली नाही आणि तो घरी गेला.

त्याच आठवड्यात पंचशीला येऊन त्याला नौबादला घेऊन गेली. तिच्या फ्लॅटमध्ये त्याला खिडकीजवळची खोली होती. मुलगी, जावई दोघंही ड्यूटीवर, नातू शाळेत. तो सकाळी चालून यायचा, पेपर वाचायचा. जेवलात का, हे पंचशीला आता समोर उभी राहून विचारायची.

डिसेंबरात एकदा कुणाला काही न सांगता तो बसमध्ये बसला. राजेश्वरला उतरून रिक्षानं हालकेरी. साडेतीन वाजले होते. मूरगुडीपाशी कुणी नव्हतं. तारेचं कुंपण, हिरवळ, लोखंडी फाटक आणि फाटकाजवळ खुर्चीवर बसलेला खाकी शर्टातला माणूस. एजन्सीकडून आला होता, कोहिनूर गावचा, नाव हावगेप्पा. त्यानं नरसिंगला चपला बाहेर काढायला सांगितल्या आणि वहीत नाव लिहून घेतलं. गावाच्या ठिकाणी नरसिंगनं नौबाद लिहिलं.

आत जाऊन तो मंडपात बसला. पश्चिमेच्या गाभाऱ्यात समई होती. भिंती सरळ होत्या. आत कुठं चूक आहे, कुठं दुरुस्ती आहे, कुठला नवा दगड आहे, काही कळत नव्हतं. त्यालाही कळत नव्हतं. हे त्याला आधी बरं वाटलं आणि नंतर तितकंसं नाही.

थोड्या वेळानं हावगेप्पा आपली खुर्ची सोडून आत आला आणि खांबाला टेकून बसला. त्याला बोलायचं होतं. सकाळी पुजारी येऊन जातो, मग दिवसभर चिटपाखरू फिरकत नाही, असं तो सांगत होता. मोबाईलला रेंज नाही. घरचे म्हणतात नोकरी चांगली आहे, बसून पगार. पण बसूनच डोकं फिरायला लागतं.

"दोन महिने झाले," हावगेप्पा म्हणाला. "तुमी सांगा, माणसानं इथं करायचं काय?"

"पहिलं वर्ष जड जातंय," नरसिंग म्हणाला.

"मग?"

मग सवय होते, असं नरसिंगच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. हावगेप्पानं पुन्हा विचारलं नाही. बाहेर उन्हं उतरत होती. शेवटची बस साडेसहाला होती आणि फाटक साडेपाचला बंद व्हायचं. हावगेप्पानं घरून आणलेल्या भाजक्या शेंगांचा पुडा काढला आणि दोघांच्या मधे ठेवला. पाच वाजेपर्यंत ते शेंगा खात बसले. फोलं फरशीवर पडू नयेत म्हणून नरसिंगनं रुमाल पसरला होता.

साडेपाचला हावगेप्पा उठला. नरसिंगनं रुमाल गोळा केला, बाहेर येऊन चपला घातल्या आणि स्टँडच्या रस्त्याला लागला.